मठाची वाडी : थंड प्रदेशातील एका परंपरेचा इतिहास

पवित्र शास्त्राचा आरंभ बागेत होतो. परमेश्वराने पहिल्या मानवाला एदेन बागेत ठेवले ते केवळ फळे चाखण्यासाठी नव्हे, तर तिची मशागत व राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीच्या पुस्तकात नमूद आहे. पुनरुत्थानाच्या पहाटे मरिया माग्दालेनाला प्रभू येशू दिसला, तेव्हा तिला तो बागेचा माळी वाटला. तिच्या या गैरसमजावर आजवर अनेक प्रवचने झाली आहेत. आम्हीही केली आहेत. परंतु ख्रिस्तसभेच्या इतिहासात ज्यांनी खरोखरच हाती कुदळ घेऊन माळीकाम केले, त्या मठवासीयांकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. वाडीवर पोसलेल्या आपल्या समाजाने तरी त्यांची ओळख करून घ्यावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात इटलीतील मोंते कासिनो येथे आपली नियमावली सिद्ध केली. 'प्रार्थना आणि श्रम' हे सूत्र आम्ही सेमिनरीत असताना परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत अनेकदा लिहिले. वस्तुतः हे शब्द त्या नियमावलीत जसेच्या तसे कोठेही आढळत नाहीत. ते पुढील काळाने काढलेले सार आहे. नियमावलीत जे आहे ते याहून अधिक व्यवहारी आहे. सहासष्टाव्या प्रकरणात संत बेनेडिक्ट सांगतात की, पाणी, गिरणी, मळा व निरनिराळे कारखाने हे सारे शक्यतो मठाच्या आवारातच असावे, म्हणजे मठवासीयांना बाहेर भटकण्याची गरज पडणार नाही. तसे भटकणे त्यांच्या आत्म्याला हितकर नाही. एकोणचाळिसाव्या प्रकरणात आहाराचा नियम येतो. दररोज दोन शिजवलेले पदार्थ असावेत. फळे किंवा कोवळ्या भाज्या मिळाल्यास तिसरा पदार्थ वाढावा. चतुष्पाद प्राण्यांचे मांस मात्र अशक्त आजाऱ्यांखेरीज कोणी खाऊ नये. अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात हातांनी करावयाच्या श्रमांच्या वेळा ऋतुमानानुसार लावून दिल्या आहेत. ही तीन प्रकरणे एकत्र वाचली की मळा हा मठाचा अलंकार नसून त्याची निकड होती, हे ध्यानी येते. जेथे मांस वर्ज्य आणि बाजारात हिंडणेही वर्ज्य, तेथे भाजी स्वतःच पिकवावी लागते.

इटलीच्या उन्हात हा नियम पाळणे फारसे अवघड नव्हते. परंतु ही नियमावली आल्प्स पर्वत ओलांडून उत्तरेकडे गेली, आणि तेथे तिची गाठ हिमाशी पडली. त्या प्रदेशात वसंतातही धुके व दहिवर पडते, हिवाळ्यात जमीन गोठून दगडासारखी होते, आणि पिकांना वर्षाचे निम्मेच महिने मिळतात. बारमाही हिरव्या वाड्यांत वाढलेल्या आपणांस या अडचणीची सहसा कल्पना येत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरीचे पाणी आटते ही चिंता. त्यांच्याकडे सहा महिने मातीच झोपी जाते.

या अडचणीवर मठवासीयांनी कशी मात केली, याचे दोन अमोल पुरावे नवव्या शतकातून आपल्यापर्यंत पोहोचले आहेत. दोन्हींचा संबंध बोडन सरोवरातील रायखेनाउ या बेटाशी आहे. संत पिर्मिन यांनी ७२४ मध्ये तेथे मठ स्थापला. सभोवार मोठा जलाशय असल्याने बेटावरील थंडी थोडी सौम्य असते; उन्हाळ्यात तापलेले पाणी हिवाळ्यात आपली ऊब हळूहळू परत करते.

पहिला पुरावा म्हणजे एक नकाशा. इसवी सन ८२० ते ८३० च्या सुमारास रायखेनाउ येथे चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून त्यांवर एका आदर्श मठाची आखणी करण्यात आली, व ती शेजारच्या संत गालेन मठाचे अधिपती गोझबर्ट यांना पाठविण्यात आली. बाराव्या शतकात कोणी तरी याच चर्मपत्राच्या पाठीवर संत मार्टिनचे चरित्र लिहून काढले, आणि म्हणूनच कदाचित ते टाकून दिले गेले नाही. संत गालेनच्या ग्रंथालयात ते आजही जपलेले आहे.

या नकाशात भाजीच्या मळ्याचे अठरा वाफे दाखविले असून प्रत्येक वाफ्यावर भाजीचे नाव लिहिले आहे. कांदा, लसूण, कोथिंबीर, शेपू, मुळा, खसखस, कोबी, सेलरी, पार्सली, लेट्यूस, गाजरासारखे दिसणारे पार्सनिप, कांद्याच्या कुळातील लीक, इत्यादी. वैद्याच्या घरालगत औषधी वनस्पतींचे वेगळे सोळा वाफे आहेत; त्यांत पुदिना, बडीशेप, जिरे, सताप यांच्यासोबत चक्क मेथी आहे! बाराशे वर्षांपूर्वीच्या जर्मन मठवासीयाने लिहिलेली ही यादी कोकणातल्या कोणत्याही गृहिणीला वाचून दाखवावी. निम्मी नावे तिच्या ओळखीची निघतील. बटाटा, टोमॅटो व मिरची मात्र त्यांत नाहीत, कारण त्या खंडाची वाट अजून कोणाला सापडायची होती. पुढे त्याच नव्या खंडातून अननस, पपई, पेरू व काजू ही फळे पोर्तुगिजांकरवी आपल्या किनाऱ्यावर आली, आणि आज ती परकी आहेत असे कोणाला वाटतही नाही.

मळ्याशेजारी माळ्याचे घर आहे. त्यात अवजारे व बियाणे ठेवण्याची सोय आहे. त्याच्या पलीकडे कोंबड्या व राजहंस यांची खुराडी. खत लांबून आणावे लागू नये, हा त्यामागील व्यवहार असावा. मळ्याच्या दुसऱ्या अंगाला फळबाग आहे, आणि ही फळबाग म्हणजेच मठाची दफनभूमी आहे. सफरचंद, नासपती, प्लम, तुती, अक्रोड, पीच अशा झाडांच्या मधल्या जागेत मृत बंधूंच्या कबरी आहेत. मध्यभागी क्रूस असून, तोच या भूमीवरील सर्वांत पवित्र वृक्ष व सार्वकालिक तारण हेच त्याचे फळ, अशा आशयाचा मजकूर तेथे लिहिला आहे. ज्या बंधूने कलम बांधले तो त्याच झाडाच्या मुळाशी विसावत असे, आणि त्याचे फळ त्याच्यामागून आलेला नवशिका खात असे. पुनरुत्थानावरील श्रद्धा इतक्या साधेपणाने जमिनीवर रेखलेली आम्ही अन्यत्र पाहिलेली नाही.

अर्थात हा नकाशा आदर्शाचा आहे. त्यात अंजीर व बदामही दाखविले आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवरच्या संत गालेनमध्ये अंजीर धरणे कठीणच. सम्राट शार्लमेन यांच्या काळातील, सुमारे ८०० सालच्या, राजवाड्यांच्या मळ्यांविषयीच्या फर्मानात सत्तरहून अधिक वनस्पती व सोळा प्रकारची फळझाडे लावण्याचा आदेश आहे. त्यातही उष्ण प्रदेशातील कित्येक नावे आहेत. कागदावरचा मळा आणि मातीतला मळा यांत अंतर असते, हे वाडीत राबलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

मातीतल्या मळ्याची हकिकत दुसऱ्या पुराव्यात आहे. वालाफ्रिड स्ट्राबो हा गरीब घरातला मुलगा रायखेनाउच्या मठात शिकला, राजपुत्राचा शिक्षक झाला, आणि ८३८ मध्ये त्याच मठाचा अधिपती झाला. 'स्ट्राबो' म्हणजे तिरळा. हे नाव त्याने स्वतःच मिरविले. आपल्या छोट्या बागेवर त्याने लॅटिन भाषेत ४४४ ओळींचे काव्य रचले असून त्यात तेवीस वनस्पतींचे वर्णन आहे. परंतु आम्हांस त्याचा आरंभ अधिक मोलाचा वाटतो. हिवाळा सरल्यावर तो दाराबाहेर येतो, तर पूर्वेकडील लहानशा अंगणात अंगाची आग करणारे खाजरे तण माजलेले! त्याची मुळे जमिनीखाली एकमेकांत विणली गेलेली. तो कुदळ घेऊन ती मुळे उपटतो, माती भुसभुशीत करतो, वाफे उंच बांधून त्यांना फळ्यांचे कठडे लावतो, टोपल्यांनी खत घालतो. पाऊस ओढ देतो तेव्हा घागरीने पाणी आणतो, आणि धारेने बी उघडे पडू नये म्हणून ओंजळीतून थेंब थेंब शिंपडतो. अंगणाचा एक भाग छपराखाली येऊन कोरडा पडलेला, दुसऱ्या भागावर उंच भिंतीची सावली. तरीही पेरलेले वाया गेले नाही, असे तो समाधानाने नोंदवितो. आळशी राहू नये, हातांना घट्टे पडू देण्यास लाजू नये आणि खताचा संकोच करू नये, हा त्याचा उपदेश पुस्तकातून नव्हे तर अनुभवातून आलेला आहे, असे त्याने मुद्दाम बजावले आहे.

या वर्णनात थंड प्रदेशातील बागाईतीचे शास्त्रच सामावले आहे. उंच वाफ्यातील पाणी लवकर निचरते, त्यामुळे वसंतात तेथील माती सपाट जमिनीच्या आधी तापते. भिंत वारा अडविते, आणि तिची सूर्याकडील बाजू दिवसा साठविलेली ऊब रात्री झाडांना देते. कुजणाऱ्या शेणखतालाही स्वतःची उष्णता असते. पिकांची निवडही तशीच. कोबी व लीक थंडी सोसतात, तर पार्सनिपचा कंद दहिवर पडल्यावर अधिक गोड होतो. शरद ऋतूत कांदे वेणीत गुंफून टांगावेत, कंद वाळूत पुरून ठेवावेत, सफरचंदे पेंढ्यावर मांडावीत, वाटाणे व शेंगदाणे वाळवावेत. म्हणजे हिवाळा निभावतो. शेंगदाणे म्हणजे अर्थात आपले भुईमूग नव्हेत, तर घेवड्यासारख्या शेंगांतील दाणे. इतके करूनही फेब्रुवारी ते एप्रिल हे महिने सर्वांत कठीण जात. जुना साठा संपत आलेला आणि नवे पीक अजून कोवळे. प्रायश्चित्तकाळ नेमका याच दिवसांत येतो. तेथील लोकांचा उपवास अशा प्रकारे ऋतूशी जुळलेला होता, आणि पास्काच्या सणाला पानात आलेली पहिली हिरवी भाजी त्यांना खऱ्या अर्थाने नवजीवनाची खूण वाटत असली पाहिजे.

वालाफ्रिड ८४९ मध्ये लुआर नदी ओलांडताना बुडून मरण पावला. त्याने लावलेली परंपरा मात्र पुढे कशी गेली, हे सांगताना आम्हांला एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. मठ जसजसे श्रीमंत व विद्वान झाले, तसतशी कुदळ त्यांच्या हातून सुटली. अकराव्या शतकापर्यंत क्लूनीसारख्या थोर मठात उपासनेचे तास इतके वाढले की, मठवासीयांचे श्रम शेंगा सोलणे व तण काढणे एवढ्यापुरतेच उरले. नंतरच्या काळात सिस्टर्शियन संघाने श्रमाला पुन्हा प्रतिष्ठा दिली खरी. तथापि शेतीचा मोठा भार अशिक्षित श्रमिक बंधूंवर टाकला गेला. पुस्तकाचे हात वेगळे आणि मातीचे हात वेगळे झाले. आमच्या मते मठजीवनाच्या ऱ्हासाच्या कारणांत या फारकतीचीही गणना व्हावी.

जेथे ही फारकत झाली नाही तेथे काय घडू शकते, याचे उदाहरण म्हणजे ग्रेगोर मेंडेल. ऑस्ट्रियन सिलेसियातील एका शेतकऱ्याचा हा मुलगा. त्याच्या गावाकडील धर्मगुरू योहान श्रायबर हे मुलांना धर्मशिक्षणाबरोबर फळझाडांची जोपासनाही शिकवीत. १८४३ मध्ये मेंडेल ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. मठाच्या आवारातील सुमारे पस्तीस मीटर लांब व सात मीटर रुंद अशा जमिनीच्या पट्ट्यात १८५६ ते १८६३ या काळात त्याने सुमारे अठ्ठावीस हजार वाटाण्याची झाडे वाढविली, तपासली व मोजली. १८६५ मध्ये त्याने आपले निष्कर्ष विद्वानांच्या सभेत वाचले, १८६६ मध्ये ते छापले गेले, आणि कोणी फारशी दखल घेतली नाही. तो १८८४ मध्ये निवर्तला. जगाला त्याचे मोल १९०० मध्ये कळले. आजचे आनुवंशशास्त्र त्या भाजीच्या पट्ट्यात जन्मले. परंतु त्या आधी एका ग्रामीण धर्मगुरूने शाळकरी मुलांच्या हाती कलम करण्याची सुरी दिली होती, हे आम्हांस विसरवत नाही.

संत गालेनचा मठ १८०५ मध्ये विसर्जित झाला. रायखेनाउचे मठजीवनही संपले होते. २००१ पासून तेथे बेनेडिक्टाइन साधूंचा एक लहानसा समूह पुन्हा राहू लागला. पण बेटावरील माती मात्र मोकळी राहिली नाही. तेथील शेतकरी कुटुंबे आजही काकडी, टोमॅटो व लेट्यूस पिकवितात, आणि २००० साली हे बेट जागतिक वारसास्थळ म्हणून घोषित झाले. मठ गेले, मळा टिकला.

आपल्या वसईत नेमके उलटे होते आहे, ही आमची वेदना आहे. आपली चर्चे भक्कम उभी आहेत, सणांना ती भरून वाहतात. पण त्यांच्या सभोवारच्या वाड्या एकेक करून नाहीशा होत आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी हरित वसईसाठी लढा दिला, त्याचे ऋण मोठे आहे. तथापि बाहेरून येणाऱ्या बिल्डरला सारा दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. ज्या दिवशी शिकलेल्या मुलाने वाडीत उतरणे आपल्याला कमीपणाचे वाटू लागले, त्या दिवशीच वाडी अर्धी विकली गेली होती. या बाबतीत आम्ही धर्मगुरूही निर्दोष नाही. हुशार मुलाला आम्ही पुस्तकाकडे वळविले. कुदळही पवित्र आहे, हे त्याला सांगायचे राहून गेले. संत बेनेडिक्ट यांनी तर मठातील अवजारे वेदीवरच्या पात्रांसारखी जपावीत असे बजावले होते.

म्हणून एक लहानशी सूचना करून थांबतो. प्रत्येक धर्मग्रामात चर्चच्या मागे चार वाफ्यांपुरती जागा निघू शकते. धर्मशिक्षणाला येणाऱ्या मुलांना तेथे मेथी पेरू द्यावी, पाणी शिंपू द्यावे, तण उपटू द्यावे. वाडीचे काम जाणणारे आजोबा अजून आपल्यात आहेत, तोवर त्यांनी मुलांना शिकवावे. पहिली जुडी मिस्सेच्या वेळी वेदीजवळ अर्पण करावी आणि मग एखाद्या आजाऱ्याच्या घरी पोहोचवावी. आमच्या चर्चमागील जागेतले दगड आम्ही या पावसाळ्याआधी काढून घेणार आहोत.