शब्बाथचे थंड ताट आणि घरचे पाते



गेल्या हिवाळ्यात तीन महिने मुलाकडे दुबईला होते. त्यांचे घर ऊद मेथात. इंडियन हायस्कूल, राशिद हॉस्पिटल, सेंट मेरीज चर्च, सगळे जवळपास. आपल्या देशाची माणसे इतकी की परके वाटत नाही. त्या घरात मांसाचे पातळ काप करणारे विजेचे यंत्र आणले, ज्याला सगळे स्लायसर म्हणतात. खरेदी साधीच. पण तिच्याआधी घरात जो वाद झाला, त्याची मुळे थेट कोकणात जातात, म्हणून लिहिते.

कोकणात आपल्याला शनिवार तेली म्हणत, हे तुम्ही लहानपणापासून ऐकले आहे. शनिवारी घाणा बंद आणि चूलही बंद. शनिवारचे जेवण शुक्रवारी दिवस मावळायच्या आत शिजवलेले असे. थंड जेवण आपल्याला नवे नाही.

आपली दुसरी ओळख ताटातली. डेव्हिड रहाबीने आपल्या बायकांसमोर मासे ठेवले आणि त्यांनी खवले नसलेले बाजूला काढले, ही गोष्ट घरोघरी सांगतात. मांसाच्या बाबतीत प्रश्न सुरीचा होता. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत शाआर हारहमीम बांधले, १८२६ नंतर कोचीनहून शिक्षक आले आणि शोहेतचे काम नियमाने बसले. पुष्कळ ठिकाणी हज्जानच शोहेत असे. त्याच्या सुरीच्या धारेला नखाला लागेल एवढीही खाच चालत नाही. मग मांस अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात, आणि तीनदा धुणे. पेण-उरणची मिठागरे जवळ, मिठाला तोटा नव्हता. रश्शाला दुधादह्याऐवजी नारळाचा रस. आणि शोहेत नसेल तर मासे.

आता आखाताकडे येऊ. तिथे १९६६ पर्यंत रुपया चालत होता, इतका आपला शेजार. पण नोकरीला गेलेल्या आपल्या माणसाला दोन अडचणी होत्या. शोहेत नाही, आणि शनिवार कामाचा. २००६ पर्यंत सरकारी सुट्टी गुरुवार-शुक्रवारी असे. त्या वर्षी ती शुक्रवार-शनिवार झाली. १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम. शनिवार तेल्यांच्या नातवंडांना शनिवार मिळायला इतकी वर्षे लागली.

मांसाची अडचण २०२० नंतर सुटू लागली. त्या वर्षी १५ सप्टेंबरला इस्रायल आणि अमिरातीचा करार झाला. त्याच सुमारास एमिरेट्स फ्लाइट केटरिंगने ‘कोशेर अरेबिया’ जाहीर केले. नोव्हेंबरात तेल अवीवची विमाने सुरू झाली. आज गोठवलेले कोशेर चिकन दुबईत मिळते.

विमानांबरोबर नातेवाईकही आले. अश्दोदची भाचेमंडळी आली आणि माझ्या नातवाला टर्कीच्या पातळ कापांच्या सँडविचची चटक लावून गेली. मग तो बाजारात काउंटरपाशी थांबू लागला. तिथे मी पाहिले, ज्या पात्याने चीज कापले त्याच पात्याने लगेच मांस कापले. मी त्याचा हात धरून पुढे नेले.

घरी मुलगा म्हणाला, “आई, इथे सगळे हलाल असते. डुक्कर वेगळ्या खोलीत विकतात. मग अडचण काय?”

मी म्हटले, “हलालवाल्यांचा मला आदरच आहे. पण ती सुरी त्यांच्या नियमाची, आपल्या शोहेतची नाही. आणि वर चीजचे पाते.”

तो हळूच म्हणाला, “नर्सिंगच्या हॉस्टेलमध्ये तू खात होतीस ना?”

खात होते. पहिले वर्ष मेसमध्ये मटणाच्या दिवशी वरणभात घेतला. मग रात्रपाळीच्या भुकेने ते सुटले. लग्नानंतरही परत धरायला कितीतरी वर्षे गेली. मी त्याला तेच सांगितले. “मी सोडले म्हणूनच मला ठाऊक आहे, सोडायला एक रात्र पुरते.”

सून म्हणाली, “आई, मग घरीच करू या. यंत्र आणू.” तिचे खरे होते. शोहेतनंतर आपल्याकडे सगळा कारभार घरातच होत आला आहे.

मुलाने देश सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाचा जुना स्लायसर स्वस्तात पाहून ठेवला होता. मी नको म्हटले. हे यंत्र १८९८ मध्ये रॉटरडॅमच्या व्हान बर्केल नावाच्या खाटकाने काढले आणि पुढे ते हॅम-बेकनच्या दुकानांतूनच जगभर पसरले. जुन्या पात्याने काय काय कापले, कोण सांगणार? नवेच घेतले, १९ सेंटिमीटर पात्याचे.

धातूचे नवे भांडे वापरण्याआधी मिकवेत बुडवतात, आणि समुद्र हाही मिकवेच. मोटार पाण्यात घालता येत नाही. विजेच्या यंत्रांबाबत रब्बींची मते वेगवेगळी आहेत, म्हणून तुम्ही आपल्या रब्बींना विचारा. आम्ही विचारून पाते आणि मांस ठेवायची धातूची ताटली सुटी केली आणि जुमेराच्या किनाऱ्यावर बेराखा म्हणून बुडवली. नवगावचा किनारा आठवला.

आता कृती. कोशेर चिकनला मीठ आधीच लागलेले असते, म्हणून मीठ निम्मेच. छातीचे तुकडे हिरव्या मसाल्यात रात्रभर ठेवायचे, घट्ट गुंडाळून ओव्हनमध्ये आतले तापमान ७४ अंश सेल्सिअस होईपर्यंत भाजायचे. निवले की रात्रभर फ्रिजमध्ये, कारण गार मांसाचेच काप नीट पडतात. दुकानातला गुलाबी रंग सोडियम नायट्राइटचा. ते जास्त झाले तर रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, ओठ निळे पडतात. आम्ही ते घालत नाही, म्हणून आमचे काप पांढरेच. त्यामुळे तीन दिवसांत संपवायचे. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. पोटुशी बाईने थंड काप खाऊ नयेत, वाफ येईपर्यंत गरम करून खावेत.

धुण्याआधी प्लग काढा, जाडीचा आकडा शून्यावर आणा, हातात न कापणारा मोजा घाला. मांस ढकलायला ढकलणीच, बोटे नाहीत. मी अशी बोटे पुष्कळ शिवली आहेत. आणि चीज या यंत्रावर कधीच नाही.

शुक्रवारी दुपारी मुलगा कामावरून लवकर येतो. दिवस मावळायच्या आत काप होतात, प्लग निघतो, सून दिवे लावते. शनिवारी दुपारी चपाती, नारळाची चटणी आणि थंड चिकन. पहिल्या शनिवारी नातू म्हणाला, “आजी, अश्दोदचे गुलाबी होते.” पण सहा काप खाल्ले. आता काप किती पातळ करायचे ते तोच सांगतो, आणि कोणी चीज घेऊन यंत्राजवळ आले तर आधी तोच ओरडतो.

तुमच्या आज्या शनिवारी थंड काय वाढत होत्या? घरात अजून कोणी सांगणारे असेल तर विचारून लिहून ठेवा.