सनद होती, पारख नव्हती : काठीपासून खांडव्यापर्यंत

१८७४ च्या अनुसूचित जिल्हे अधिनियमाच्या परिशिष्टात मुंबई इलाख्यातील मोजकीच नावे आहेत : सिंध, पंचमहाल, एडन आणि खानदेशातील सहा मेवासी प्रमुखांची गावे. त्या सहांत पहिले नाव काठीच्या पाडवींचे. आज राजवाडी होळीमुळे ओळखली जाणारी सातपुड्यातील काठी तेव्हा अशा मुलखात मोडत होती, जिथे कोणता कायदा लागू आणि कोणता नाही, हे सरकार अधिसूचना काढून ठरवी.

उर्वरित इलाख्यात वकिलीचे नियम तोवर रुळले होते. १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने वकिलांच्या सनदेची व्यवस्था घातली. १८४६ च्या पहिल्या कायद्याने धर्म आणि राष्ट्रीयत्वाचा अडसर काढून प्रमाणपत्रधारकास वाट मोकळी केली. मात्र ही सनद न्यायालयात कोणी उभे राहावे एवढेच सांगे. बांधाचा तंटा आणि खुनाचा खटला, दोहोंना तीच सनद पुरे.

१८९८ च्या फौजदारी संहितेच्या कलम ३४० ने आरोपीस वकिलामार्फत बचावाचा हक्क दिला. वकील पुरवण्याचे बंधन त्या कलमात नव्हते. हक्क खरा, पण फी देऊ शकणाऱ्याचा.

१९३६ मध्ये अंशतः वगळलेल्या क्षेत्रांच्या यादीत काठी पुन्हा आली. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने वकिलांचे जुने प्रकार मोडून एकच वर्ग केला. ‘वरिष्ठ अधिवक्ता’ हा मान तेवढा वेगळा राहिला, पण तोही विषयवार नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९७० च्या दशकात विशेषज्ञ वकिलांना प्रमाणित करायला आरंभ केला, तेव्हा पहिल्या विषयांत फौजदारी कायदा होता. भारतात तसे प्रमाणपत्र आजही नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेला वेगळी पदवी लागते. फाशीच्या खटल्याला लागत नाही.

१९७८ च्या ‘होस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ निकालाने गरीब कैद्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क अधोरेखित केला. १९८७ च्या विधी सेवा अधिनियमाने अनुसूचित जमातीच्या व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता तो दिला. वकील कोणत्या प्रतीचा, हा प्रश्न उरलाच.

त्याची धार दिसली ती सातपुड्याच्या उत्तरेस, खांडव्यात. २०१३ मध्ये तेथे ज्या दिवशी विधी साहाय्याचा वकील नेमला, त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि पंधरवड्यात दोषसिद्धी. शिक्षा फाशीची. २०१९ मध्ये ‘अनोखीलाल’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून खटला नव्याने चालवण्यास सांगितले. जन्मठेप वा फाशी संभवते तेथे किमान १० वर्षांचा अनुभव असलेलाच वकील आणि तयारीला साधारणतः किमान ७ दिवस, असा दंडक घातला.

२०२२ च्या राष्ट्रीय योजनेत जिल्ह्याच्या मुख्य बचाव वकिलासाठी फौजदारीतील १० वर्षे आणि सत्र न्यायालयातील ३० खटले ही अट आली. प्रमाणपत्राच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच.

काठीच्या माणसाची अडचण मात्र खटल्यांच्या संख्येत मावत नाही. साक्ष आरोपीस समजेल अशा भाषेत सांगण्याची तरतूद संहितेत आहे. वकील आणि भिली बोलणारा पक्षकार यांच्यातील एकांतातील बोलण्याचा दुभाषा कोण, हे त्या तरतुदीत नाही.