रंगाची हौस आणि सर्प

जामसांवलीकडच्या मराठी घरांतून नागपंचमीस पाटावर नाग रेखाटतात. जिवंत सापाचा रंग ठरविण्याची हौस मात्र दूरची, अमेरिकेतील. 1992 मध्ये बॉब क्लार्क यांनी आफ्रिकी बॉल अजगराची पिवळी-पांढरी, लाल डोळ्यांची पिले प्रथमच बंदिवासात मिळविली. हा गुण सुप्त असतो. आईबाप दिसावयास साधेच. पण दोघांच्याही अंगी तो दडलेला असला, तर सरासरी चारांत एक पिलू तसे निपजते. मेंडेलने 1866 मध्ये वाटाण्यावरून मांडला तोच हा नियम! पुढे कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी आली. त्या पिलांचे डोके थरथरे, तोल जाई. कारण नक्षी व व्यंग एकाच जनुकाची देणगी. गिऱ्हाइके तरीही मिळाली. भारतात 1972 चा वन्यजीव कायदा नाग पकडून बाळगू देत नाही. परदेशी अजगर त्याच्या कक्षेत आले ते 2022 च्या दुरुस्तीने.