बंधनातले स्वातंत्र्य : खो-खोची साखळी, खो आणि वजीर

खेळांचा इतिहास लिहिणाऱ्यांची आपल्याकडे फारशी परंपरा नाही. राज्ये, लढाया, संत आणि शाहीर यांच्याविषयी आपण पुष्कळ लिहिले. पण ज्या मातीत आपली मुले शतकानुशतके धावली, त्या मातीतील डावपेचांची नोंद ठेवावी असे फार थोड्यांना वाटले. जे लिहिले गेले त्यातही अभिमानाचा भाग अधिक. एखादा देशी खेळ किती पुरातन आहे, महाभारतात त्याचे मूळ सापडते की नाही, याची चर्चा होते. पण तो खेळ खेळतात कसा, त्याचे नियम तसेच का झाले आणि काळाबरोबर त्याची खेळी कशी पालटली, हा प्रश्न बाजूला राहतो. आम्ही येथे हाच बाजूला राहिलेला प्रश्न हाती घेणार आहोत. विषय आहे खो-खो. या खेळातील जुनी, माणूस पाहून निर्णय घेण्याची कला आजच्या वेगवान खेळात कशी मिसळली गेली आणि पुढे ती टिकेल काय, एवढाच त्याचा विस्तार.

प्रथम नियमाचा गाभा ध्यानात घेऊ. दोन खांब, त्यांच्यामधील सरळ पट्टीवर आठ चौकोन, प्रत्येक चौकोनात एक गडी बसलेला. शेजारशेजारच्या दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना. नववा गडी पाठलाग करणारा. समोरच्या संघाचे तिघे तिघे मैदानात उतरतात. पळणाऱ्याला कोणतेही बंधन नाही; तो बसलेल्यांच्या मधून हवा तेव्हा या बाजूचा त्या बाजूला जाईल. पाठलाग करणाऱ्याला मात्र दोन बेड्या आहेत. बसलेल्यांची रांग त्याला ओलांडता येत नाही. आणि एकदा दिशा घेतली की खांबापलीकडे जाईपर्यंत मागे वळता येत नाही.

माजिवड्याच्या नाक्यावरून ये-जा करणाऱ्यास हा नियम वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबईकडून येणारा द्रुतगती मार्ग, नाशिककडे निघालेला जुना आग्रा रस्ता आणि घोडबंदरचा रस्ता येथे एकमेकांना भेटतात. कोणता रस्ता धरायचा हे आधी ठरवावे लागते. एकदा उड्डाणपुलावर गाडी चढली की, चूक झाली असे कितीही वाटो, पुढचे वळण येईपर्यंत परतणे नाही. पाठलाग करणाऱ्या गड्याची स्थिती अशीच असते. फरक एवढाच की, त्याच्यापाशी एक तोड आहे, आणि ती म्हणजे खो. पळणारा रांग ओलांडून पलीकडे गेला की, ज्याची पाठ आपल्याकडे व तोंड पलीकडे आहे अशा गड्याच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचे आणि त्याच्या जागी बसायचे. पाठलाग रांगेतून आरपार जातो. माणूस जात नाही. नव्याने उठलेल्या गड्याला डावी की उजवी, ही निवड एकदाच मिळते. ती केली की तोही बांधला गेला.

या बेड्या कशासाठी? आमच्या मते सबंध खेळाचे मर्म या एका प्रश्नात आहे. पाठलाग करणारा मोकळा असता तर जो अधिक वेगाने धावतो तो जिंकला असता, आणि खो-खो म्हणजे गल्लीतील पकडापकडीच राहिली असती. बंधन घातल्यामुळे वेगाची सद्दी संपली आणि निर्णयाची सुरू झाली. समोरचा काय करील हे पाहून, त्याने पाऊल टाकल्यानंतर पण ते जमिनीवर स्थिर होण्यापूर्वी, आपण काय करायचे ते ठरवणे, हे खो-खोतील खरे कौशल्य होय.

हे नियम आकाशातून पडले नाहीत. गावोगाव हा खेळ निरनिराळ्या पद्धतींनी चालत असे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली त्यास लिखित नियमांची चौकट दिली. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने पुढील दशकात या देशी खेळांच्या स्पर्धांना बळ दिले. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ च्या सुमारास नियमांचे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी, १९३६ साली, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे देशी खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. १९५५ साली भारतीय खो-खो महासंघ स्थापन झाला. १९५९-६० च्या हंगामात विजयवाडा येथे पुरुषांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९६१ मध्ये कोल्हापूर येथे स्त्रियांची. १९७० साली सुधीर परब व १९७१ साली अचला देवरे यांना अर्जुन पुरस्कार मिळाले. महाराष्ट्रातील मैदानांवर वाढलेला खेळ अर्धशतकात देशाचा झाला.

पण नियम ठरले म्हणजे खेळी ठरली असे होत नाही. पळणाऱ्यांनी आपली शास्त्रे तयार केली. पहिले शास्त्र एकेरी साखळीचे. बसलेल्या प्रत्येक दोघांच्या मधून नागमोडी जात राहावयाचे. म्हणजे पाठलाग करणाऱ्याला दर दोन पावलांनी खो द्यावा लागतो आणि त्याचा वेग कधी जमत नाही. दुसरे दुहेरी साखळीचे. यात दोन दोन गडी सोडून वळण घेतले जाते, धाव लांबते पण श्वास टिकतो. तिसरे रिंगणाचे; मैदानाच्या मध्याजवळ काही गड्यांभोवती गोल फिरत राहून खांबापासून दूर राहावयाचे, कारण खांबाजवळ पाठलाग करणाऱ्याला वळता येते आणि तेथेच पळणाऱ्याचे मरण असते. या तिन्ही पद्धती पाठ करता येतात. शाळेतील बारा वर्षांची मुलगी दोन महिन्यांत एकेरी साखळी उत्तम पळू लागते.

तथापि जी गोष्ट पाठ होते ती समोरच्यालाही पाठ होते. एकेरी साखळीवर आक्रमकांनी उत्तर शोधले, ते खो देण्याच्या वेळेत. पळणारा रांगेत शिरणार असे दिसताच त्याच्या आधीच खो द्यावयाचा, की तो पलीकडे समोरच सापडावा. किंवा खो देण्यास मुद्दाम क्षणभर उशीर करावयाचा, की पळणाऱ्याने घाईने पुढचे वळण घ्यावे आणि उठणाऱ्याच्या हाती लागावे. किंवा हात पाठीपर्यंत न्यावयाचा, खांदा झुकवावयाचा, आणि खो न देता तसेच पुढे धावावयाचे. या तिसऱ्या प्रकारात पाठलाग करणारा आपला बेत आधी ठरवून येत नाही. तो पळणाऱ्याच्या कमरेकडे पाहतो. पळणारा आत शिरला तर खो. बाहेर राहिला तर पाठलाग. पळणाऱ्याने काहीही केले तरी ते चुकावे, अशी ही रचना आहे.

विशेष म्हणजे हीच कल्पना सातासमुद्रापलीकडे, अगदी निराळ्या खेळात, स्वतंत्रपणे वाढली. अमेरिकेतील महाविद्यालयांत जो फुटबॉल खेळतात तो पायाचा कमी आणि हातांचा, खांद्यांचा अधिक. तेथे १९४१ साली मिसूरी विद्यापीठाचे प्रशिक्षक डॉन फॉरो यांनी एक चाल रूढ केली. चेंडू ज्याच्या हाती येतो त्या क्वार्टरबॅकने रांगेच्या कडेने धावावयाचे; प्रतिपक्षाचा एक गडी मुद्दाम न अडवता मोकळा सोडावयाचा; तो मोकळा गडी आपल्या अंगावर आला तर चेंडू साथीदाराकडे टाकावयाचा, साथीदाराकडे गेला तर स्वतः घेऊन धावावयाचे. बास्केटबॉलमध्ये दोघे मिळून एका संरक्षकाला चकवतात, त्यावरून ही कल्पना त्यांना सुचली होती. १९६८ साली टेक्सास विद्यापीठाच्या संघाने याच तत्त्वावर तिघांना मागे उभे करून नवी मांडणी केली आणि पुढील दशकभर तिचा दबदबा राहिला.

मग काळ बदलला. लांब फेक करून चेंडू पुढे नेणाऱ्यांचा जमाना आला. धावत निर्णय घेण्याची ती खेळी पुष्कळांना जुनाट वाटू लागली. परंतु १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वेस्ट व्हर्जिनियातील ग्लेनव्हिल स्टेट या लहानशा महाविद्यालयात रिच रॉड्रिग्ज नावाच्या प्रशिक्षकांनी जुने बी नव्या वाफ्यात लावले. मांडणी आधुनिक, गडी सबंध मैदानभर पसरलेले, फेकीची तयारी पूर्ण. आणि तिच्यातच एक प्रतिपक्षी गडी मोकळा सोडून त्याच्याकडे पाहत चेंडू द्यावा की राखावा हे ठरवण्याची जुनी युक्ती. आज तेथील बहुतेक महाविद्यालयीन संघांच्या खेळात ही युक्ती या ना त्या रूपाने आढळते. टेक्सासची ती तिघांची मांडणी आता क्वचितच दिसते. तिच्यातील विचार मात्र घरोघर पोहोचला. जुन्याची मिसळण नव्यात करावयाची ती अशी: साचा टाकून द्यावा, सत्त्व ठेवावे.

आता आपल्या मैदानाकडे परत येऊ. खो-खोसही अशाच पालटाला सामोरे जावे लागले. मातीची जागा मॅटने घेतली. मॅटवर सूर मारताना ढोपरे सोलत नाहीत. त्यामुळे खांबाला धरून अंग झोकून देणे आणि धावत्या पळणाऱ्यावर सूर मारणे हे पूर्वी धाडसाचे समजले जाणारे प्रकार नेहमीचे झाले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या बालेवाडी येथे अल्टिमेट खो-खो ही सहा संघांची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. नऊ मिनिटांच्या डावाऐवजी सात मिनिटांचा. साध्या स्पर्शास दोन गुण, सूर मारून टिपल्यास तीन. पळणाऱ्यांच्या तुकडीने ठरावीक काळ तग धरल्यास त्यांनाही गुण. पहिल्याच वर्षीचा अंतिम सामना ओडिशाने तेलुगू संघावर ४६-४५ असा एका गुणाने जिंकला. या सर्व बदलांत खरा क्रांतिकारक बदल एकच होता, आणि तो म्हणजे वजीर. आक्रमकांपैकी एकास निराळ्या रंगाचा पोशाख देऊन कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा देण्यात आली. बुद्धिबळाच्या पटावरील वजिरासारखा तो मोकळा.

जुन्या जाणत्यांना हे रुचले नाही, आणि त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे. दिशेचे बंधन हाच खेळाचा प्राण असेल, तर बंधनमुक्त गडी म्हणजे त्या प्राणावरच घाव नव्हे काय? सर्वच गडी वजीर झाले तर बसलेल्यांचे काम संपेल, खो ही हाक निरर्थक ठरेल, आणि आपण पुन्हा पकडापकडीवर येऊन ठेपू. हा धोका खरा आहे. प्रेक्षकांना वेग आवडतो, प्रायोजकांना प्रेक्षक आवडतात. त्या वाटेने एका वजिराचे दोन होतात. निर्णायक काळापुरते दोन वजीर देण्याची सोय या स्पर्धेत आहेच.

तरी आम्हास या प्रश्नाची दुसरी बाजूही दिसते. वजीर एकटा असतो तोवर तो बंधन नष्ट करत नाही, त्याचे मोल वाढवतो. पूर्वी पळणाऱ्याला ठाऊक असे की, उठणारा प्रत्येक गडी बांधलेला आहे. आता त्याला प्रत्येक वळणावर विचारावे लागते: माझ्यासाठी उठणार तो बांधलेला की मोकळा? आणि पाठलाग करणाऱ्याला ठरवावे लागते: खो कोणाला? वजिराला फार लवकर उठवले तर तो दमतो. फार उशिरा उठवले तर पळणारा साखळीत स्थिरावतो. म्हणजे हुलकावणीचा जो निर्णय पूर्वी एका गड्याच्या खांद्यात होता, तो आता सबंध संघाच्या डोक्यात आला. एकेरी साखळीही मेली नाही. तीच ती संपूर्ण डावभर पळणे धोक्याचे झाले. परंतु चार घरे साखळी, मग एकदम रिंगण, मग दुहेरी, अशी मिसळ करून पळणारे आजही तग धरतात. त्यासाठी तिन्ही शास्त्रे पक्की यावी लागतात, हे विसरता कामा नये. ज्याला जुने येत नाही त्याला मिसळण्यासारखे काही नसते.

याची साक्ष जगाच्या मैदानावर मिळाली. १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तीही याच वेगवान पद्धतीने. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले. स्त्रियांनी ७८-४० असे आणि पुरुषांनी ५४-३६ असे. स्त्रियांच्या संघाचे नेतृत्व प्रियांका इंगळे यांच्याकडे व पुरुषांच्या संघाचे प्रतीक वाईकर यांच्याकडे होते, दोघेही महाराष्ट्राचे. ठाणे जिल्ह्याच्या रेश्मा राठोडही विजयी संघात होत्या. ज्यांचे पाय आधी मातीतल्या साखळीवर घडले, त्यांनाच मॅटवरचा नवा खेळ साधला.

येथे आमच्या विषयाचा संबंध थेट आपल्या वस्तीशी येतो. माजिवडा, कापूरबावडी, पोखरण या भागांत एकेकाळी गावठाणे, शेते आणि पुढे कारखाने होते. १९२५ साली सुरू झालेली रेमंडची गिरणी २००९ मध्ये बंद झाली. आसपासच्या मोकळ्या जागांवर उंच इमारती उभ्या राहिल्या. खो-खोस लागते काय? सत्तावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद अशी जमीन, चार फूट उंचीचे दोन खांब आणि चुन्याची फक्की. ना बॅट, ना जाळे, ना बूट. गरिबाच्या मुलीला चालेल असा याहून स्वस्त खेळ आम्हास ठाऊक नाही. पण ती सत्तावीस बाय सोळाची जमीन नेमकी आज दुर्मीळ झाली आहे. इमारतीखालच्या फरशीवर साखळी पळता येते, सूर मारता येत नाही. आणि मॅट घेण्याची ऐपत प्रत्येक शाळेत नसते.

म्हणून नवे नियम आले याची खंत करण्यात अर्थ नाही. नियम १९१४ साली नवे होते, १९३५ साली पुन्हा नवे झाले आणि आज पुन्हा होत आहेत. काळजी करावयाची ती दोन गोष्टींची. एक, बांधलेल्या गड्यांची संख्या मोकळ्यांहून नेहमी मोठी राहावी. दुसरी, जेथे मुले एकेरी साखळी प्रथम शिकतात ती मातीची पट्टी प्रत्येक शाळेच्या, प्रत्येक वस्तीच्या वाट्याला यावी. पहिली गोष्ट महासंघांच्या हाती आहे. दुसरी मात्र नगरपालिकेच्या आराखड्यांत, शाळांच्या विश्वस्तांत आणि आपल्यासारख्या नागरिकांच्या आग्रहात आहे. मैदानाचे आरक्षण एकदा उठले की त्या जागेवर पुन्हा खांब रोवता येत नाहीत. पाठलाग करणाऱ्याला निदान खांबापलीकडे गेल्यावर वळता येते. शहराला तेवढीही सवलत नाही.