उन्हाळ्यात मोटार अडून बसली तर...

एप्रिल-मे महिन्यांत छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमक्या याच दिवसांत वेरूळ, खुलताबाद, म्हैसमाळकडे सहलीच्या मोटारींची रीघ लागते. मग दौलताबादच्या घाटात किंवा कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या औट्रम घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात. वाळूजला १९८५ पासून बजाजची वाहने आणि शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या. वाहनउद्योगाच्या या शहरातही बहुतेक मोटारमालकांना बॉनेटखाली काय आहे, याची फारशी माहिती नसते. कोणता बिघाड स्वतः दुरुस्त करावा आणि कोठे हात आखडता घ्यावा, एवढे कळले तरी बराच खर्च आणि धोका टळतो.

इंजिन तापल्यास
चढावर मंद गतीने चालणाऱ्या गाडीला समोरून वारा कमी मिळतो. त्यात वातानुकूलन यंत्राचा भार पडतो. तापमापकाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागताच एसी बंद करावा, हीटर पूर्ण सुरू करावा आणि सुरक्षित जागा पाहून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण लगेच कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने त्याचे तापमान शंभर अंशांपेक्षाही अधिक असू शकते आणि झाकण फिरवताच उकळते पाणी तोंडावर उडते. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, म्हणून हात दूर ठेवावा.

किमान अर्ध्या तासाने, इंजिन पूर्ण गार झाल्यावर, कूलंटच्या टाकीतील पातळी पाहावी, रबरी नळ्या ओल्या आहेत का ते तपासावे. पंखा फिरतच नसेल तर त्याचा फ्यूज पाहावा. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. त्यातील क्षार आत थर धरतात. अडचणीच्या वेळी पिण्याचे पाणी चालेल, परंतु नंतर योग्य कूलंट भरून घ्यावे. गळती दिसत नसताना पातळी वारंवार घटत असेल आणि इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केट निकामी झाल्याची शक्यता असते. अशी गाडी चालवू नये.

गाडी सुरू न झाल्यास
किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक होऊन दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे असे समजावे. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी जमली असल्यास आधी ऋण आणि मग धन तार सोडवून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने व ब्रशने ती साफ करावी; जोडताना धन आधी, ऋण शेवटी. गाडी काही तास उभी असताना बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असावा. इंजिन चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट नसेल, तर दोष बहुधा अल्टरनेटरमध्ये असतो. अशा वेळी नवी बॅटरी घेणे व्यर्थ ठरते.

दुसऱ्या गाडीची मदत घेताना लाल तार आधी उतरलेल्या आणि मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटी बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावी. बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेट घेऊ शकतो.

चाके, फ्यूज आणि दिवे
टायरमधील हवा गाडी थंड असताना, चालकाच्या दाराजवळील पट्टीवर दिलेल्या आकड्यानुसार ठेवावी. प्रवासात तापलेल्या टायरमधील वाढलेला दाब कमी करू नये. जळालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अॅम्पिअरचाच फ्यूज बसवावा: लाल १०, निळा १५, पिवळा २०. तार किंवा चांदी गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला की इंजिन तत्काळ बंद करावे. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल, तर सावकाश गॅरेज गाठता येते. तो लुकलुकत असेल, तर गाडी थांबवणेच इष्ट.

येथे प्रयोग नकोत
ब्रेक, स्टीअरिंग आणि एअरबॅग यांना घरी हात लावू नये. घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागले, तर थांबून ब्रेक आपोआप गार होऊ द्यावेत. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये. केवळ जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली शिरणे तर जिवावर बेतू शकते.

डिकीत पाण्याची बाटली, जम्पर तारा, फ्यूज, टॉर्च, हवा भरलेली स्टेपनी आणि परावर्तक त्रिकोण असला, तर निम्म्या अडचणी रस्त्यातच सुटतात.