अडीच सुताचं भोक आणि आठचा बोल्ट



गेल्या आवणीत पावसाने ओढ दिली. नाल्यावर जुनं डिझेल इंजिन लावलं, तर गार पाण्याच्या पाइपाच्या फ्लँजचे दोनच बोल्ट, त्यातला एक गळून गेलेला. मुरबाडच्या बाजारातून आठचा बोल्ट आणला. दोन-तीन वेढे हाताने गेला, मग घट्ट. गंज असेल म्हणून तेराच्या पान्याने रेटला. बिडाचे आटे भुगा होऊन बाहेर आले.

चूक माझीच, पण तिचं मूळ लांब विलायतेत आहे. तिथे आधी प्रत्येक कारखाना आपल्या मनाचे आटे पाडायचा, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसायचा नाही. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने माप सुचवलं. आट्याचा कोन ५५ अंश, आणि कुठल्या जाडीला इंचात किती आटे तेही ठरलेलं. विलायती यंत्रांबरोबर हे इंचाचे आटे आपल्याकडे आले. मिस्त्री लोकांनी इंचाचे आठ भाग धरले, एक भाग म्हणजे एक सूत. ५/१६ इंच म्हणजे अडीच सूत.

शेतकऱ्याचं तोवर पाचरीवर भागायचं. १९१० ला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली, लोखंडी नांगर गावोगाव गेला, तसा शेतकऱ्याच्या हातात पाना आला. (आमच्या भातखाचरात लाकडी नांगर बराच काळ टिकला, ती गोष्ट वेगळी.)

मग १९५६ ला मेट्रिकचा कायदा झाला. दुकानात किलो-मीटर आले, पुढे बोल्टही मिलिमीटरचे झाले. जुनी यंत्रं मात्र इंचातच राहिली.

आता बघा, अडीच सूत म्हणजे ७.९४ मिमी, आणि आठचा म्हणजे ८. डोळ्याला फरक दिसत नाही. पण अडीच सुताला इंचात १८ आटे, आठच्याला साधारण २०. सुरुवातीला जमतं, पुढे एकमेकांना खातात. म्हणून नवा बोल्ट जुन्याला आडवा लावून बघा. आट्यात आटे बसले आणि मधून उजेड दिसला नाही, तरच तो त्या भोकाचा. डोक्यावर ८.८ लिहिलं असेल तर तो मिलिमीटरचा, हे धरून चाला.

आमचं भोक मिस्त्रीने साडेआठच्या ड्रिलने मोठं केलं, जुने आटे साफ गेले. मग दहाचा टॅप, अर्धा वेढा पुढे, थोडा मागे. बिडाला तेल नाही लावलं, भुगाच झाडत राहिला. फ्लँजचं भोकही वाढवावं लागलं. एवढ्यात आवणीचे दोन दिवस गेले, राब पिवळा पडायला लागला होता.

आता त्या फ्लँजवर एक बोल्ट अडीच सुताचा, एक दहाचा. बाजूला पांढऱ्या रंगाने तसं लिहून ठेवलंय.