मुंबईहून गेलेला निबंध

दिवाळीच्या पहाटे न्हाणीघरात उटणे कालवले, की त्याचा वास माजघरात पोहोचायला थोडा वेळ लागतो. मी भौतिकशास्त्र शिकवत होतो तेव्हा वर्गात हटकून प्रश्न येई : हवेचे रेणू सेकंदाला सुमारे 500 मीटर वेगाने, म्हणजे आवाजाहूनही जलद धावतात, तर मग वास एवढा रेंगाळतो का? उत्तर देताना मी क्लॉसियस आणि मॅक्सवेल ही नावे फळ्यावर लिहीत असे. त्यांच्याआधीचे एक नाव मुंबईतले होते, हे मला निवृत्तीनंतर कळले. थोडी लाजच वाटली.

जॉन जेम्स वॉटर्स्टन मूळचा एडिंबरोचा. 1839 साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांचा शिक्षक म्हणून मुंबईस आला. शिकवून उरलेल्या वेळात त्याने वायूंवर एक दीर्घ निबंध लिहिला. उष्णता म्हणजे पदार्थांत झिरपणारा एक वजनरहित द्रव, असे तेव्हा बरेच विद्वान मानत. वॉटर्स्टनने म्हटले, रेणू मोकळे धावतात. उन्हाच्या तिरिपेत नाचणाऱ्या चिलटांच्या थव्यासारखे. भांड्याच्या भिंतीवर त्यांचे आदळणे म्हणजे दाब, आणि त्यांच्या वेगाचा वर्ग हे तापमानाचे माप. मिश्रणात जड रेणू सावकाश आणि हलके जलद, ते अशा बेताने की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग सगळ्यांचा सरासरीने सारखाच भरावा. ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या 16 पट जड, म्हणून त्याचा वेग एक चतुर्थांश. आजही आपण हेच शिकवतो.

डिसेंबर 1845 मध्ये निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीत पोहोचला. एका परीक्षकाने शेरा मारला, की हा निव्वळ मूर्खपणा असून सोसायटीपुढे वाचण्याच्याही लायकीचा नाही. चुकीचा अभिप्राय कोणाच्याही हातून जातो. त्याबद्दल मी फार रागावत नाही. मला खुपतो तो नियम. सोसायटीपुढे आलेला निबंध सोसायटीच्या मालकीचा, परत मिळायचा नाही. वॉटर्स्टनने स्वतःजवळ प्रत ठेवली नव्हती. त्रोटक सारांश तेवढा छापला गेला.

1857 साली तो स्कॉटलंडला परतला. त्याच वर्षी झुरिकमध्ये क्लॉसियसने शून्य अंशाला ऑक्सिजनचा वेग सेकंदाला 461 मीटर आणि हायड्रोजनचा 1844 मीटर काढला. यावर डच शास्त्रज्ञ बाइस बॅलोट याने वासाचीच शंका काढली. क्लॉसियसने 1858 मध्ये उत्तर दिले : रेणू धावतो खरा, पण जरासे अंतर जातो न जातो तोच दुसऱ्यावर आदळून दिशा बदलतो. 1860 मध्ये मॅक्सवेलने वेगांची वाटणी मांडली. मुंबईच्या निबंधाचे नाव यात कुठेच नव्हते.

18 जून 1883 रोजी वॉटर्स्टन एडिंबरोच्या घरातून बाहेर पडला तो परतलाच नाही. समुद्रात बुडाला असावा, असे मानतात.

1891 मध्ये लॉर्ड रॅलेला वॉटर्स्टनच्या ध्वनीवरील जुन्या लेखात या निबंधाचा उल्लेख दिसला. त्याने दप्तरातून हस्तलिखित काढवले आणि 1892 मध्ये सोसायटीच्याच नियतकालिकात प्रस्तावनेसह छापून घेतले. प्रस्तावनेत त्याने तरुण, अपरिचित लेखकांना सल्ला दिला आहे : मोठी झेप घेण्याआधी लहान, बिनधोक कामाने नाव कमवावे. सल्ला व्यवहाराचा आहे. मी मात्र ते पान वाचून पुस्तक मिटले, आणि त्या दिवशी पुढे काही वाचवले नाही.